दप्तरातली नोंद

धर्मग्रामाच्या कार्यालयात बसणाऱ्या धर्मगुरूचा बराचसा वेळ कागदांच्या सहवासात जातो, हे बाहेरून पाहणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. स्नानसंस्काराची वही, विवाहाची वही, दफनाची वही अशा जाड पुठ्ठ्याच्या वह्या कपाटात ओळीने उभ्या असतात. जुन्या वह्यांची पाने हात लावताच कुरकुरतात, शाई तपकिरी झालेली असते. तरीही कुणाच्या पणजोबांचे नाव, त्यांच्या मायबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे आजही तेथे जागच्या जागी सापडतात. ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामाच्या प्रमुखावर विवाहांची वही ठेवण्याचे बंधन घातले. पुढे १९०७ साली ‘ने तेमेरे’ या आज्ञापत्राने असा दंडक घातला की, विवाह झाल्यावर त्याची नोंद वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारीही करावी. तेव्हापासून माणसाची धर्मजीवनातील वाटचाल एका ओळीच्या समासात वाचता येते. विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय धर्मसभेच्या न्यायालयाने दिला, तर तोही त्याच समासात उतरतो.

ज्या नोंदीविषयी मला आज लिहायचे आहे, ती मात्र आपल्या कपाटातल्या कोणत्याही वहीत नव्हती. ती अमेरिकेतील एका काउंटीच्या न्यायालयात, हजारो नोंदींच्या गर्दीत, दहा वर्षे निमूटपणे पडून होती. जिच्या आयुष्याविषयी ती होती, तिला ती असल्याचाही पत्ता नव्हता.

आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीची ही हकीकत आहे. तिच्या अनुमतीने मी ती सांगतो आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. २००३ साली आपल्याच देवालयात तिचा विवाह झाला. नवरा संगणकाच्या क्षेत्रातला. लग्नानंतर दोघे कॅलिफोर्नियात गेली. २००५ साली मुलगा झाला. पुढे घरात काय झाले ते तिला ठाऊक, त्याला ठाऊक आणि परमेश्वराला ठाऊक. २००७ च्या उन्हाळ्यात ती दोन महिन्यांसाठी म्हणून मुलाला घेऊन माहेरी आली, आणि परतीच्या तिकिटाची तारीख उलटून गेली तरी तिला परत बोलावणे आले नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर अमेरिकेहून एक जाडजूड पाकीट आले. तिच्या वडिलांनी शेजारच्या शिक्षकांकडून पहिले पान वाचून घेतले. विवाहविच्छेदाचा अर्ज आहे एवढे कळताच त्यांनी ते पाकीट जसेच्या तसे चुलीत घातले. “असला कागद आपल्या घरात राहणार नाही,” एवढेच ते म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. लेकीच्या अब्रूवरचा डाग आपण जाळून टाकला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यानंतर कोणताही कागद आला नाही आणि घरात त्या विषयावर कोणी बोललेही नाही.

कागद जळला, पण खटला थोडाच जळतो! तो तिकडे आपल्या गतीने चालू राहिला असावा, एवढे तिला अंधुकपणे कळत होते. पण त्याचा निकाल लागला की नाही, लागला तर कोणता, हे काहीच ठाऊक नव्हते. शाळेच्या अर्जात, रेशनकार्डाच्या अर्जात, बँकेत, जिथे जिथे ‘विवाहित की घटस्फोटित’ असा रकाना येई, तिथे तिचे पेन अडे. रविवारच्या मिस्सेला ती शेवटच्या बाकावर बसे आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जागची उठत नसे. ‘घटस्फोटवालीने कम्युनियन घ्यायचे नसते’ असे कोणीतरी तिला सांगितले होते. या सगळ्याहून मोठी होती ती एक भीती. नवरा एक दिवस येईल, अमेरिकेच्या न्यायालयाचा कागद दाखवील आणि मुलाला घेऊन जाईल, असे तिला वाटे. आळीत अनोळखी गाडी थांबली की ती मुलाला आत बोलावून घेई.

२०१७ साली ती माझ्याकडे आली ती मुलाच्या पासपोर्टसाठी. मुलगा तिकडे जन्मलेला, म्हणून अमेरिकेचा नागरिक. त्या देशाचा लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. त्याचा केव्हाच संपला होता. सोळा वर्षांखालील मुलाला नवा पासपोर्ट हवा असेल, तर आई आणि वडील दोघांची संमती लागते. एकट्या पालकाला अर्ज करायचा असेल, तर मुलाचा ताबा पूर्णपणे आपल्याकडे आहे असा न्यायालयाचा आदेश दाखवावा लागतो. मुलाच्या भारतातील वास्तव्याचे कागदही त्या पासपोर्टालाच बांधलेले होते. नवऱ्याकडे संमती मागायची तिची छाती होत नव्हती; आदेश तर तिने पाहिलाच नव्हता. समोरच्या खुर्चीत बसून तिने मला विचारले, “फादर, माझा घटस्फोट झालाय की नाही, हे मला कोण सांगेल?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधायला आम्हांला वर्ष लागले. त्या शोधात मी जे शिकलो ते सांगणे आवश्यक वाटते. आज आपल्यातील शेकडो कुटुंबांची मुले-मुली परदेशी आहेत, आणि असा प्रसंग कोणाच्याही दारी येऊ शकतो.

अमेरिकेत साऱ्या देशाच्या घटस्फोटांचे एकच दप्तर कुठेही नाही. तेथे राज्ये आहेत, आणि राज्यांच्या पोटात आपल्या जिल्ह्यांसारख्या काउंट्या आहेत. साऱ्या देशात त्या तीन हजारांहून अधिक आहेत आणि एकट्या कॅलिफोर्नियात ५८. घटस्फोटाचा निकाल ज्या काउंटीच्या न्यायालयात लागतो, त्याच न्यायालयाच्या दप्तरात तो राहतो. काही राज्ये आपल्या मध्यवर्ती कार्यालयातून ‘अमुक वर्षी अमुक दांपत्याचा घटस्फोट झाला’ असा दाखला देतात, पण तो दाखला म्हणजे निकालपत्र नव्हे. टेक्सास राज्य १९६८ पासूनच्या घटस्फोटांविषयी पडताळणीचे पत्र देते; प्रत्यक्ष निकाल मात्र काउंटीतील जिल्हा न्यायालयाच्या कारकुनाकडे मागावा लागतो. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याकडे तर १९६२ पासून जून १९८४ पर्यंतच्याच घटस्फोटांचा दाखला मिळतो. त्यानंतरच्यांसाठी थेट काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचे दार ठोठावावे लागते. न्यूयॉर्कमध्ये निकाल काउंटी क्लार्ककडे असतो, पण घटस्फोटाचे कागद तेथे शंभर वर्षे मोहोरबंद राहतात. पतिपत्नी किंवा त्यांचे वकील सोडून ते कोणाला दाखवत नाहीत. लुइझियाना राज्यात काउंटीला ‘पॅरिश’ म्हणतात आणि तेथे अशा ६४ पॅरिश आहेत. ‘घटस्फोटाचे कागद पॅरिशमध्ये मिळतील’ असे तेथील कोणी सांगितले, तर आपल्या माणसाने चर्चमध्ये जाऊन धर्मगुरूला छळू नये, एवढ्यासाठी हे सांगून ठेवतो.

अर्ज करायला तीन गोष्टी लागतात. खटल्यात लिहिलेली दोघांची नावे, निकालाचे अंदाजे वर्ष आणि काउंटी. खटल्याचा क्रमांक हाताशी असेल तर काम फारच सोपे होते. तो क्रमांक, न्यायालयाचे नाव आणि पत्ता हे सारे त्या पहिल्या पाकिटातील पहिल्या पानावर असते. आमचे ते पान चुलीत गेले होते. म्हणून ती ज्या गावात राहिली होती, त्या गावाच्या काउंटीच्या न्यायालयाला आम्ही पत्र लिहिले.

पत्र लिहिणेही तितके सोपे नव्हते. फी रुपयांत घेत नाहीत, डॉलरचा चेक अमेरिकेतल्याच बँकेचा लागतो. तिच्या एका मावसभावाने तो दिला. किती पाने निघतील हे आधी कळत नाही, म्हणून चेकवर रकमेच्या जागी ‘अमुक डॉलरपेक्षा अधिक नाही’ असे लिहून देण्याची तेथे रीत आहे; कारकून हिशेब करून खरा आकडा भरतो. सोबत आपला पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले परतीचे पाकीट जोडायचे. आता आपल्या टपालाची तिकिटे तिकडे कशी चालणार? त्यामुळे परतीचा पत्ता मावसभावाचा दिला आणि तिकिटे त्यानेच लावली. दोन महिन्यांनी उत्तर आले. छापील चिठ्ठीवर एका चौकटीत खूण होती: या नावाची नोंद आढळत नाही.

ती चिठ्ठी वाचून ती गोंधळली. “म्हणजे घटस्फोट झालाच नाही का, फादर?” तिच्या स्वरात आशा होती की भय होते, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावीत. मी तिला सांगितले की, या चिठ्ठीचा अर्थ एवढाच की या एका दप्तरात नोंद नाही. कॅलिफोर्नियाचा नियम असा आहे की, अर्ज करणाऱ्या पतीचे किंवा पत्नीचे त्या राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने वास्तव्य झालेले असले पाहिजे. मग नवऱ्याने मधल्या काळात घर बदलले असेल, तर? मावसभावाने विचारपूस केली. ती भारतात आल्यावर लगेचच त्याने नोकरी बदलली होती आणि तो शेजारच्या काउंटीत राहायला गेला होता.

२०१८ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील एका धर्मग्रामात महिनाभर बदली धर्मगुरू म्हणून जाण्याचा मला योग आला. तिथल्या संगणकावर मी त्या दुसऱ्या काउंटीच्या न्यायालयाची नामसूची उघडली. प्रथम काहीच मिळाले नाही. आपली आडनावे पोर्तुगीज वळणाची, आणि प्रत्येक घराचे स्पेलिंग वेगळे. एकच डिसोजा कोणी वरच्या स्वल्पविरामासह लिहितो, कोणी त्याच्याविना, कोणी मध्ये जागा सोडून. यंत्राला हे तीन वेगळे इसम वाटतात. चार-पाच तऱ्हा करून पाहिल्यावर दोघांची नावे एकाखाली एक उमटली आणि शेजारी खटल्याचा क्रमांक. मी तो एका लिफाफ्याच्या पाठीवर उतरवून घेतला.

त्या राज्यात कौटुंबिक खटल्याची सूची घरबसल्या पाहता येते, पण त्यातील कागद घरबसल्या उघडता येत नाहीत. त्यासाठी न्यायालयात जावे लागते. नोंदींच्या खिडकीपुढे बरीच माणसे क्रमांकाची चिठ्ठी घेऊन बसली होती. कोणी नव्या लग्नासाठी जुन्या निकालाची नक्कल मागायला आले होते, कोणी नाव बदलण्यासाठी, कोणी निवृत्तिवेतनासाठी. कोणाच्याही चेहऱ्यावर चोरटेपणा नव्हता. सातबाऱ्याचा उतारा काढायला तलाठ्याकडे जावे तितक्या सहजपणे माणसे तेथे आली होती. लग्ने इतक्या सहज मोडावीत हे माझ्या मनाला पटत नाही, पटणारही नाही. परंतु मोडलेल्या लग्नाचा कागद मागायला येणाऱ्याला तेथे कोणी मान खाली घालायला लावत नव्हते, हेही मी पाहिले.

माझा क्रमांक आल्यावर खिडकीतील प्रौढ बाईंनी मला नाते विचारले नाही. कॅलिफोर्नियात असे निकाल सहसा सार्वजनिक दप्तरात मोडतात. त्यांनी फक्त एवढेच विचारले, “फक्त निकालाचे पान हवे, की जोडपत्रांसह सगळे? मूळ अर्जही हवा का?” मी सगळेच मागितले. पानाला पन्नास सेंट आणि प्रमाणित करण्याची फी वेगळी. त्यांनी पाने मोजली, शेवटच्या पानावर सही केली आणि न्यायालयाची मोहोर उमटवली. मला ती नक्कल तिच्याकडे सोपवायची होती, म्हणून मी ती वाचू नये असे ठरवले होते. पण पासपोर्टासाठी ती उपयोगी आहे का, हे पाहणे भाग होते. बाहेरच्या बाकावर बसून मी ती वाचली.

निकाल २००८ सालचा होता. ‘प्रतिवादी गैरहजर’ या चौकटीत खूण होती. कारण म्हणून ‘न मिटण्याजोगे मतभेद’ एवढेच शब्द. १ जानेवारी १९७० पासून कॅलिफोर्नियाने घटस्फोटासाठी कोणाचा दोष सिद्ध करण्याची अट काढून टाकली आहे, त्यामुळे तेथील निकालपत्र कोण चुकले ते सांगत नाही. कोणत्या रात्री कोण रडले, कोणी कोणाला शब्दाने मारले, यातले काही तेथे नसते. अमुक तारखेपासून विवाह संपला आणि दोघांना अविवाहित व्यक्तींचा दर्जा परत मिळाला, असे एक छापील वाक्य असते. त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. आपल्याच वेदीसमोर त्या दोघांनी दिलेले वचन आमच्या वहीत लिहिलेले आहे, आणि इथे त्याचा शेवट एका चौकटीतल्या खुणेने झाला होता.

मग मी जोडपत्र उलटले. मुलाचा ताबा पूर्णपणे आईकडे देण्यात येत आहे, असे त्यात लिहिले होते. वडिलांना मुलाला भेटण्याची मुभा होती आणि पोटगीचा प्रश्न पुढे कधीही उपस्थित करता यावा म्हणून राखून ठेवला होता. त्यामागे मूळ अर्ज होता. त्यातही वडिलांनी स्वतःच, ताबा आईकडे असावा, अशी मागणी केली होती.

वसईला परतल्यावर मी तिच्या घरी गेलो. तिचे वडील पडवीत आरामखुर्चीत बसले होते. वयाने थकले होते, पण कान शाबूत होते. मी एकेक पान वाचून अर्थ सांगत गेलो. ताब्याचे वाक्य आले तेव्हा तिने मला ते पुन्हा वाचायला सांगितले. मग तिसऱ्यांदा सांगितले. दहा वर्षे जो कागद दाखवून कोणी मुलाला नेईल म्हणून ती भीत होती, त्याच कागदाने मूल तिच्या पदरात घातलेले होते.

बऱ्याच वेळाने वडिलांनी विचारले, “फादर, मी जे जाळले, त्यात हे होते काय?” खोटे सांगता आले असते. मी म्हणालो, “निकाल नव्हता, तो नंतरचा. पण अर्ज होता, आणि मुलगा आईकडे राहावा हे त्या अर्जात लिहिलेले होते.” ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून आत गेले आणि ज्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घराचे आणि वाडीचे उतारे ठेवलेले असतात तो घेऊन आले. “वाचून झाले की ह्यात ठेव,” ते लेकीला म्हणाले.

आता या एका कागदाने काय होते आणि काय होत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडे यात मोठा घोटाळा असतो. कॅलिफोर्नियाच्या दृष्टीने ही भगिनी २००८ पासून मोकळी आहे. भारतात मात्र तसे आपोआप होत नाही. परदेशी निकाल केव्हा बंधनकारक नसतो, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये दिले आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या एका लग्नाच्या प्रकरणात, अमेरिकेतील मिझुरी राज्याच्या सेंट लुईस काउंटीच्या न्यायालयाने दिलेला घटस्फोट मानण्यास नकार दिला. ज्या कायद्याखाली लग्न झाले त्या कायद्यात नसलेल्या कारणावरून, आणि त्या न्यायालयापुढे स्वेच्छेने न गेलेल्या पत्नीविरुद्ध दिलेला तो निकाल होता. त्याच निकालपत्रात नकलेविषयीही लिहिले आहे. काउंटीच्या कारकुनाने नक्कल प्रमाणित केलेली होती, पण त्यावर तेथील भारताच्या प्रतिनिधीचे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून त्या वेळच्या पुरावा कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे ती चालली नाही. आता दोन्ही देश अपोस्टिलच्या करारात आहेत, अमेरिका १९८१ पासून आणि भारत २००५ पासून. म्हणून आम्ही त्या नकलेवर कॅलिफोर्निया राज्याचे अपोस्टिल करून घेतले. तरीही भारतात कायद्याने मोकळे व्हायचे असेल, तर १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली येथील न्यायालयात जाणे सुरक्षित, असा सल्ला वकिलांनी दिला. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्यात दोन वर्षांच्या परित्यागाचे कारण मान्य आहे.

धर्मसभेचे दप्तर तिसरे. कॅनन १०८५ सांगते की, आधीचा विवाह अवैध होता किंवा विसर्जित झाला हे कायदेशीर रीतीने आणि निश्चितपणे सिद्ध होईपर्यंत दुसरा विवाह करता येत नाही. शासकीय घटस्फोटाने ते सिद्ध होत नाही. त्यासाठी धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित नक्कल ते न्यायालयही मागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ही प्रक्रिया सुटसुटीत केली. पहिल्या निर्णयाला दुसऱ्या न्यायालयाची पुष्टी मिळवण्याची सक्ती राहिली नाही. याच्या उलट, धर्मसभेच्या न्यायालयाचा निर्णय शासनाच्या दप्तरात घटस्फोट ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले आहे. एका न्यायालयाचा कागद दुसऱ्याला चालेल, असे गृहीत धरून कोणी पुढच्या लग्नाची तारीख ठरवू नये.

ख्रिस्तप्रसादाचे उत्तर मात्र कोणत्याही न्यायालयावर अवलंबून नव्हते. घटस्फोट झाला आणि ज्याने पुन्हा विवाह केलेला नाही, अशा व्यक्तीला केवळ त्या घटस्फोटामुळे संस्कारांपासून दूर राहण्याचे कारण नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘फामिलियारिस कोन्सोर्तिओ’ मध्ये हे लिहिले आहे, आणि २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ मध्ये अशा बंधुभगिनींना ख्रिस्तप्रसादातून बळ घेण्यासाठी उत्तेजन दिलेले आहे. हे तिला दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर त्यासाठी अमेरिकेच्या नकलेची गरजच नव्हती. तिला अडवणारे शब्द न्यायालयाचे नव्हते. ते शेजारणींनी तिला ऐकवले होते. पुढच्या रविवारी ती रांगेत उभी राहिली. काही डोळे वळले, ते मी वेदीवरून पाहिले. त्यानंतरच्या रविवारी मी प्रवचनात, कोणाचेही नाव न घेता, धर्मसभेची ही शिकवण वाचून दाखवली.

मुलाचा पासपोर्ट त्या जोडपत्राच्या आधारे मिळाला. तो आता महाविद्यालयात शिकतो. आईने विवाह न्यायालयाकडे अद्याप अर्ज केलेला नाही. “मला दुसरे लग्न नाही करायचे, फादर. मी कुठे उभी आहे एवढे कळायला हवे होते,” असे ती म्हणाली. पुढे तिला वाटलेच, तर नक्कल तयार आहे.

वाचकहो, आपल्या घरातील कोणाचा संसार मोडला की पहिली धडपड असते ती गोष्ट झाकण्याची. मायेपोटीच आपण तसे करतो. पण झाकलेल्या गोष्टीचा भार त्या घरातील सर्वांत दुबळ्या माणसाच्या, बहुधा लेकीच्या आणि नातवंडांच्या, खांद्यावर पडतो. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. परदेशी न्यायालयाचे पाकीट आले तर ते फाडू नका, जाळू नका. पहिल्या पानावरील न्यायालयाचे नाव, काउंटी आणि खटल्याचा क्रमांक उतरवून ठेवा. उत्तर देण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, तेव्हा जाणत्या वकिलाकडे लगेच जा. निकाल लागला असेल तर त्याची प्रमाणित नक्कल जोडपत्रांसह मागा. मुलांविषयीचे आदेश बहुधा तेथेच असतात. ती नक्कल घराच्या उताऱ्यांशेजारी ठेवा आणि मुले मोठी झाली की त्यांना दाखवा.

वाचता येत नसेल, कुणाला दाखवण्याची लाज वाटत असेल, तर आपल्या धर्मगुरूकडे या. आमच्या कपाटात इतक्या पिढ्यांची सुखदुःखे नोंदलेली आहेत, तिथे आणखी एका कागदाने कोणी दचकणार नाही. संध्याकाळच्या मिस्सेनंतर कार्यालय उघडे असते.